वायर बदलायला दुसरं माणूस

अण्णा,

मी नवीन डॅक घेतला. सीडीवर गाणं आकड्यांत साठवलेलं असतं, त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा हा डबा. आपल्या प्लेअरच्या पोटात एक असतोच, पण हा बाहेरून जोडायचा, आणि म्हणे फार वरचा. मुंबईचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, गाणारी तुमच्या हॉलमध्ये येऊन बसेल." मला बहुतेक तेवढंच हवं होतं. डबा आणला त्या दुपारी महाडात नेहमीप्रमाणे वीज गेलेली. धीर कुठला, इन्व्हर्टरवरच जोडला. तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू आल्या, गाणारीने मध्ये घेतलेला श्वाससुद्धा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग वीज आली आणि सगळं पुन्हा होतं तसं झालं. फ्रिज घुरघुरायला लागला, शेजारचा मिक्सर सुरू झाला, खालच्या गिरणीचा पट्टा फिरू लागला. अख्खं गाव गप्प होतं म्हणून मला ऐकू येत होतं, अण्णा, आणि भारनियमनाचं श्रेय मी डब्याला देऊन बसले होते.

मग तुमची पद्धत आठवली. पोलादपूरच्या भाड्याच्या खोलीत, तुम्ही शाळेतून येताना जुन्याशी ताडून बघायला नवीन ॲम्प्लिफायर घेऊन आलात तो दिवस. मी कॉलेजात, स्वतःला फार कानसेन समजणारी. तुम्ही मला भिंतीकडे तोंड करून पाटावर बसवता, मागे खुडबुड करता आणि विचारता, "आता?" मी ऐटीत सांगते, "आता किती मोकळं वाटतंय!" तुम्ही वायरीला हातसुद्धा लावलेला नसतो. "तू माझी खुडबुड ऐकतेस, गाणं नाही," असं म्हणालात, आणि ते मला इतकं झोंबलं की मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. आई विळीवर नारळ खवत होती. तिने मान वर न करता निकाल दिला, "मला तर दोनी सारकंच वाटतंय. गानारी तीच हाय ना?" तुम्ही पोट धरून हसलात. मला तेव्हा तुम्हा दोघांचा रागच आला होता.

पण ह्या परीक्षेला दोन माणसं लागतात. आई तुमच्या मागोमाग गेली. दादा मुंबईहून गणपतीला आणि शिमग्याला येतो, तोही उभ्या उभ्या. मीच वायर बदलायची आणि मीच पाठ फिरवून बसायचं, म्हणजे आपणच लपायचं आणि आपणच शोधायचं. चार दिवस तो खेळ करून पाहिला. कोर्टातल्या कामावरून आल्यावर घरात तसंही बोलायला कोणी नसतं. फार एकटं वाटतं, अण्णा. शेवटी सुट्टीच्या दिवशी शेजारच्या काकूंना हाक मारली. त्या तुडील गावच्या, दोन्ही मुलगे मुंबईला.

"माजा हात चुकला तर करंट नाय ना बसनार?"

"नाही हो काकू. फक्त ही वायर ह्या डब्यातून त्या डब्यात. आणि मला सांगायचं नाही."

"बस मग तिकडं तोंड करून. बघू नको गो!"

दुपार संपेपर्यंत त्यांनी वायरी बदलल्या, मी उत्तरं दिली. निम्मी बरोबर, निम्मी चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच जुळली असती. नव्या डब्याने माझ्या कानांना तरी काही फरक पडत नाही, हे मला तेव्हाच स्पष्ट कळलं. नंतर चहा झाला. काकू धाकट्या सुनेबद्दल बोलल्या, मग आमसुलांबद्दल, मग बराच वेळ नुसत्याच बसून गाणं ऐकत राहिल्या. निघताना दारात चप्पल पायात सरकवत त्यांनी विचारलं, "मग, ठरला का काय?"

मी म्हटलं, "नाही हो, अजून नक्की कळत नाही. उद्या परत याल का?"