भुकू कोणाचा?

हिंगणी, १२ फेब्रुवारी १९८३

प्रेमदास,

काल कोर्टानं निकाल देला. आपल्या पुस्तकातलं भुकू अस्वल माह्यं ठरलं. तुही फक्त चित्रं.

वकिलानं इचारलं होतं, "सुलोचनाबाई, भुकू हे नाव आलं कुठून?"

"माह्या मनातून," मी म्हटलं.

खोटं बोलली मी. माय गेली तवा तू तीन वर्षांचा होता. "ताई, भुकू लागली," म्हणून रडत होता. भूक म्हणता येत नव्हतं तुले. भाकर होईस्तोवर मी तुले भुकू नावाच्या अस्वलाची गोष्ट सांगत होती.

काल रात्री नातीनं तेच गोष्ट मागतली. पण अस्वल बोललंच नाई. लहानपणी त्याचा आवाज तूच काढत होता ना.

हे पत्र टाकलं त निकाल फिरंल, म्हून टाकत नाई.

येळेवर जेवत जाजो.

तुही ताई