पाठीला पाठ लावलेला बाक आणि माझं अर्धं पान

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, गुडघे सोडून बाकी सगळं धड असताना, कुणीही भरीस न घालता, वकीलबाईंसमोर बसून हे मृत्युपत्र लिहून देते. डोकं ठिकाणावर आहे. नणंदबाईंना शंका असेल तर त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

१. राहतं घर, खालचं वर्कशॉप आणि बँकेतली ठेव माझ्या यजमानांना. हे फर्निचरची डिझाइनं करतात. ह्यांना सगळं चित्रातच सुचतं. खुर्ची कशी होणार विचारलं की पेन्सिल उचलतात. गिऱ्हाईक मात्र म्हणणार, "चित्राखाली अर्धं पान लिहून द्या." ते अर्धं पान एकेचाळीस वर्षं मी लिहिलं. मला सरळ रेघ मारता येत नाही, ह्यांना चारचौघांत धड वाक्य बोलता येत नाही. त्यामुळे माहेरी चार दिवस राहायची सोय नाही, आजारी पडायची सोय नाही. अडकले ती अडकलेच.

२. नणंदबाई म्हणायच्या, "वहिनीच्या तोंडाचा पट्टा थांबेल तेव्हा दादा बोलेल ना!" त्यांना माझं इस्त्रीचं टेबल द्यावं. त्याचा एक पाय लटपटतो.

३. पाठीला पाठ लावलेल्या दोन बैठकांचा बाक ह्यांनाच. असे बाक इतके खपले की त्यांच्या जोरावर हे घर उभं राहिलं. चित्राखाली मी लिहिलं होतं, "दोघांनी पाठ टेकून निवांत गप्पा माराव्यात म्हणून." गेल्या महिन्यात पहिल्यांदाच विचारलं, "तुमच्या मनात काय होतं हो?" ह्यांनी काढून दाखवलं. एकीकडे मी, तोंड उघडं. दुसरीकडे हे, खिडकीबाहेर बघत. मधली पाठ कानांच्याही वर. आधी मी खो खो हसले, मग दिवसभर रडले. इतकी वर्षं वाटत होतं, कोंडली गेले ती मीच. माझ्या वाक्यांत हेही कोंडले गेले असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

४. मुलीला निक्षून सांगते: माझ्यामागे बाबांच्या चित्राखाली कुणी एक अक्षर लिहायचं नाही. तूसुद्धा नाही. "आई, मग चित्रं घेणार कोण?" म्हणशील. न घेतली तर न घेतली! ठेव त्यासाठीच ह्यांच्या नावे केली आहे.

हे सगळं ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी कागद ओढला आणि समासात एक चित्र काढलं. वकीलबाई म्हणाल्या, "याचा खुलासा लिहावा लागेल हं." सवयीनं माझं पेन कागदावर टेकलंसुद्धा. पण नाही. चित्र आहे तसं राहील. मी फक्त सही करते.

सही: लिहून देणार

आमच्यादेखत सही झाली, साक्षीदार:
१. समोरचे औषधवाले
२. वर्कशॉपमधले थोरले सुतार

ठिकाण: राहतं घर, वरचा मजला
दिनांक: ९ मार्च