पुसलेल्या उत्सर्जन रेषेबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
गोदातीर विज्ञान महाविद्यालय, नाशिक.

विषय : कु. ज्योत्स्ना काळू भोये यांची एम.फिल. नोंदणी पूर्ववत करून दोष माझ्या नावे नोंदवणेबाबत.
संदर्भ : माझाच अहवाल, दि. ८ मार्च २००४.

महोदय,

सविनय सादर करतो की, संदर्भीय अहवालात मी कु. भोये यांना 'मापनात निष्काळजी' ठरवले व त्यावरून आपण त्यांची नोंदणी रद्द केली. निष्काळजी मी होतो. हे लिहायला सव्वा वर्ष लागले, याची लाज वाटते.

१. क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रे, यांच्या प्रकाशातील उत्सर्जन रेषा हा त्यांचा विषय. वेधशाळेने पाठवलेल्या १९९६ व २००३ च्या वर्णपटांत एका क्वेसारची हायड्रोजनची रेषा त्यांनी मोजली. सात वर्षांत तिचे तेज तिसऱ्या हिश्शावर आले होते. मी म्हणालो, एवढे अवाढव्य धूड सात वर्षांत कशाला बदलतंय? त्यांनी अकरा वेळा मोजले. उत्तर तेच.

२. आपल्या प्रयोगशाळेची रीत आपण जाणताच. उत्तर आधी फळ्यावर, वाचने मागाहून. न जुळणारे वाचन पुसायचे, मग जर्नलवर सही. बावीस वर्षे मी हेच शिकवले. त्याच सवयीने मी त्यांचे आकडे खोडरबराने पुसले आणि १९९६ चेच पुन्हा लिहायला सांगितले. "सर, दिसलं ते लिहिलं. नाय दिसलं ते कसं लिहू?" एवढेच त्या म्हणाल्या. कालची पोर मला शिकवते, या रागात मी तो अहवाल दिला. स्पष्टच लिहितो, मी शेण खाल्ले.

३. यंदा एप्रिलमध्ये वेधशाळेचे पत्र आले. रेषा खरोखरच क्षीण झाली आहे. तुमच्याकडे हे आधी कोणाच्या लक्षात आले होते का, ते कळवावे. अशा रेषा काही महिन्यांतही बदलतात, हे छापून येऊन जमाना झाला होता. मी वाचलेच नव्हते. ते पत्रही मी दोन महिने खणात दडवले.

४. गेल्या आठवड्यात माफी मागायला हरसूलला गेलो. कु. भोये तेथील आश्रमशाळेत तात्पुरत्या शिकवतात. त्यांचे वडील काळू भोये यांनी खाट टाकली, चहा पाजला, 'पोरीचे सर आले' म्हणून शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

५. नोंदणीची मुदत ३० जूनला संपते. नंतर फेरनोंदणी नाही. तरी त्यांची नोंदणी पूर्ववत करावी, मार्गदर्शक म्हणून माझे नाव काढावे, माझ्या गोपनीय अहवालात हा प्रकार लिहावा आणि हा अर्ज स्टाफरूमच्या फलकावर लावावा. महिनाभर तरी काढू नये.

माफी मागितली तेव्हा कु. भोये रागावल्या नाहीत. "सर, आता किती झाली हो रेघ?" असे त्यांनी विचारले. यंदाचा वर्णपट आला आहे, आणि तो मोजू शकेल असे महाविद्यालयात कोणी नाही.

आपला अपराधी,
(सही)
समाधान गोटीराम तिडके
अधिव्याख्याता, पदार्थविज्ञान
नाशिक, दि. १३ जून २००५

सोबत : वेधशाळेचे मूळ पत्र.