राजेंद्रचं रक्त आणि बजाजनगरचं घर

मी, मुक्ताबाई कचरू दाभाडे, वय ६८, निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, राहणार बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही.

१. बजाजनगरचे दोन खोल्यांचे घर मी माझ्या पगारातून घेतले. ते सून रूपा हिला देत आहे. मुलगा राजेंद्र याचा त्यावर कोणताही हक्क राहणार नाही. कारण लिहिणे भाग आहे.

राजेंद्र जिममध्ये पुरुषी हार्मोनची इंजेक्शने घेत होता. त्याचे रक्त मीच तपासले. टेस्टोस्टेरॉन नेहमीच्या तिप्पट निघाले. "बंद कर," म्हटले, तर हसला. चार महिन्यांनी रूपाचा भाऊ सम्यक तिला माहेरी न्यायला आला. राजेंद्रने त्याच्या डोक्यात लोखंडी दांडा घातला. तिसऱ्या दिवशी सम्यक गेला. सव्वीस वर्षांचा होता.

आमचे वकील म्हणाले, "मावशी, तुम्ही लॅबमधल्या. कोर्टात सांगा, इंजेक्शनानं पोरगा बदलला." मी रिपोर्टमधला आकडा सांगितला. मग सरकारी वकिलांनी विचारले, "इंजेक्शनांच्या आधी तो बायकोवर हात उचलायचा का?"

मी म्हणाले, "व्हय."

जन्मठेप झाली. दर महिन्याला हर्सूलच्या तुरुंगात मुलाखतीला जाते. तो मला भेटायला बाहेर येत नाही.

तो रूपाला मारायचा तेव्हा मी शेजारच्या खोलीत असायची. गप्प बसायची. माझे पती कचरू हेही मला मारायचे. त्यांचे रक्त कधी कोणी तपासले नाही. घर देऊन माझे ते गप्प बसणे भरून निघत नाही, हे मला कळते.

२. कन्नडची वीस गुंठे जमीन मला वडिलांकडून आली. ती राजेंद्रला. सुटल्यावर त्याने तिथेच राहावे.

३. सोन्याची पोत नात अपेक्षा हिला. परवा तिने विचारले, "आजी, पप्पांचं रक्त माझ्यात पण हाय का?"

"हाय," मी म्हणाले. "पण बाई, रिपोर्टात नुसता आकडा येतो. हात उचलायचा का नाय, ते तिथं येत नाय."

तिला पटले की नाही, माहीत नाही. तिला कधी राग आला, तर "बापावर गेली" असे घरात कोणीही म्हणू नये.

४. अंत्यविधी साधा करावा. राजेंद्रला पॅरोल मिळाला, तर त्याला येऊ द्यायचे की नाही, हे रूपाने ठरवावे. मला तो यायला हवा आहे. तरी ती नाही म्हणाली, तर तिला कोणी समजावू नये.

सही: मुक्ताबाई कचरू दाभाडे

मुक्ताबाईंनी हा लेख आम्हाला वाचून दाखवला व आमच्या देखत सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार:
१. डॉ. सुलेखा खरात
२. नानासाहेब पवार, शेजारी

ठिकाण: बजाजनगर
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५