निळा पडलेला गुरू

कांग जाजांग,

भावोजी तुमचा निरोप घेऊन आले. स्पर्धेच्या पक्ष्यांना गाणं शिकवायला तुम्हाला रानातून धरलेला तो हिरवा पक्षी हवाय. बांडुंगला दुसरा संसार थाटलात, तेव्हा तो माझ्याकडेच टाकून गेलात.

पिंजरा पाहून ते म्हणाले, "वहिनी, हा तर निळा. दादा हिरवागार म्हणाला होता."

"तुमचे दादा गेले तेव्हा मीही हिरवीगार होते."

पक्षी आजारी आहे सांगून त्यांना परत धाडलं. खरं इथेच लिहून ठेवते. किडे मिळाले नाहीत की याचा हिरवा रंग उतरून हा निळा पडतो, हे तुम्हीच शिकवलंत. तरी वर्षभर मी त्याला नुसता भात घातला. राग तुमच्यावर होता, भोगलं त्यानं. तरीही मला पाहिलं की तो गातो.

आज बांधावरून ओंजळभर नाकतोडे आणले. हिरवा झाल्याशिवाय तो तुम्हाला मिळणार नाही. झाल्यावरही नाही.

इमास