इलेक्ट्रोड कोरडा ठेवू नये

३ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझं कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून पत्र लिहितेय. नाहीतर हे सगळं मी तुला तासभर बोलून सांगितलं असतं आणि तू नुसतं हं हं केलं असतंस.

माझं इथे छान चाललंय. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे. मी जिन्यात पाय वाजवत नाही म्हणून घरमालकीणबाई माझ्यावर खूश आहेत. दुधाच्या कारखान्यातली नोकरीही आवडलीय. सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं की कोमट दुधाचा वास येतो आणि संध्याकाळी तो माझ्या केसांतून घरी येतो.

आता कामाचं. तू जन्मभर रंगाच्या कारखान्यात पीएच मीटर वापरलंस, म्हणून तुलाच विचारते. दही लागत असताना टाकीतला नमुना घ्यायचा, त्यात इलेक्ट्रोड बुडवायचा आणि आंबटपणाचा आकडा चार पूर्णांक सहावर आला की टाकी गार करा म्हणून सांगायचं, हे माझं मुख्य काम. पण आमचा इलेक्ट्रोड कमालीचा सुस्तावलाय. आकडा हलायलाच तयार नसतो. तो सावकाश खाली येईपर्यंत दही पुढे निघून गेलेलं असतं. टाकीवाले काका चमचाभर चाखून आधीच सांगतात की पोरी, झालं हे; आणि मी आपली मीटरकडे बघत बसते. दोन टाक्या अशाच आंबल्या. ते दही कारखान्यात सगळ्यांना वाटून टाकलं. तेव्हापासून पॅकिंगमधल्या बायका मला बघितलं की डोळे मिटून तोंड वाकडं करतात.

मीही हसते त्यांच्याबरोबर, पण कॅलेंडरकडे बघत. आमच्या साहेबांनी सांगितलंय की या महिन्याच्या अखेरीपर्यंत आकडे ताळ्यावर आले नाहीत, तर नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. तसं झालं तर माझी जागा कायम होण्याचा प्रश्नच उरत नाही.

निगा राखण्यात मी कुठे कमी पडत नाही रे. प्रत्येक वेळी साबणाने धुते, मऊ फडक्याने खसखसून पुसते आणि कोरडा ठणठणीत करून डबीत ठेवते. ओली वस्तू जागेवर ठेवायची नाही, हे आईने अंगात मुरवलंच आहे. मग चुकतंय कुठे? लवकर लिही.

मामीला नमस्कार. तुझा लोभ आहेच, या महिन्यात तो जरा जास्त लागेल.

तुझी,
चिमी


६ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी इतका हसलो की मामी स्वयंपाकघरातून बघायला आली. चूक तुझी नाही, तुझ्या आईची आहे. माझी ही मोठी बहीण लहानपणी अंघोळीचा साबणसुद्धा पुसून ठेवायची. तिची लेक इलेक्ट्रोड वाळवणार नाही तर काय करणार?

आता नीट वाच. इलेक्ट्रोडच्या टोकाला काचेचा जो नाजूक फुगा आहे, ती काच ओली असेल तरच काम करते. पाणी पिऊन तिच्यावर एक अगदी पातळ साय धरते, असं समज. तू ती रोज वाळवतेस. वर फडक्याने घासतेस, त्यामुळे काचेवर वीज साचते आणि आकडा भरकटतो. घासायचं नाही. शुद्ध पाण्याने खळखळून धुवायचा आणि टिपकागद नुसता टेकवायचा, जसं बाळाचं नाक टिपतात तसं.

ठेवायचा मात्र शुद्ध पाण्यात नाही. ते पाणी त्याच्या पोटातलं मीठ ओढून घेतं. पोटॅशियम क्लोराईडच्या दाट द्रावणात ठेव, बाटलीत, टोक पूर्ण बुडलेलं. बाटलीच्या तोंडाशी आणि दांड्यावर पांढरं मीठ जमेल. त्याने घाबरून जाऊ नकोस, मोजण्याआधी धुतलं की जातं. दांड्याच्या बाजूला एक छोटं बूच असतं. मोजताना ते उघडं हवं आणि आतलं पाणी नमुन्याच्या पातळीपेक्षा वर हवं. आमच्याकडे नवा माणूस हे बूच हटकून विसरायचा.

राहिलं दूध. दुधातली प्रथिनं त्याच्या बारीक छिद्रात जाऊन बसतात, आणि साबण त्यांना दाद देत नाही. पेप्सीन घातलेलं सौम्य आम्ल मिळतं. आपल्या पोटात अन्न पचतं तसंच ते प्रथिनं पचवतं. तासभर त्यात ठेव, धू, मग रात्रभर पोटॅशियम क्लोराईडमध्ये. सकाळी बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या आकड्याच्या द्रावणांत तपास, एक पीएच सातचं आणि एक चारचं. दोन्हीकडे आकडा चटकन येऊन गप्प उभा राहिला की समज, गडी बरा झाला.

मामी म्हणते, इलेक्ट्रोडचं जाऊ दे, पोरगी स्वतः वेळेवर जेवते का ते विचार. तर तेही कळव.

तुझ्यावर माया करायला आम्ही दोघं इथे रिकामेच आहोत, हे लक्षात असू दे.

तुझा,
मामा


१४ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय आणि वेळेवर जेवतेय. पेप्सीन मागवलं, तासभर ठेवलं, रात्रभर भिजवलं. दुसऱ्या दिवशी बफरमध्ये बुडवला तर आकडा असा धावत आला की मला खुर्चीवरून उठावंसं वाटलं. दोन दिवस दही अगदी वेळेवर थांबलं. टाकीवाले काका म्हणाले की तुझं यंत्र आता माझ्या जिभेशी बोलायला लागलंय.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर इलेक्ट्रोड पुन्हा डबीत. कोरडा, चकचकीत. बाटली धुऊन पालथी घातलेली. मला वाटलं, सवयीने माझ्याच हातून झालं असेल. पुन्हा भिजवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आकडा परत पेंगायला लागला आणि एक टाकी थोडक्यात वाचली, तीही काकांच्या जिभेमुळे.

काल संध्याकाळी डबा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत गेले, तर प्रयोगशाळेत साहेब. चष्मा पुसायचं पिवळं फडकं घेऊन इलेक्ट्रोड इतक्या प्रेमाने पुसत होते की मला दारातच थांबावंसं वाटलं. मला बघून म्हणाले की बाटलीला पांढरं किटण चढलं होतं, तुम्ही मुली कामात चांगल्या पण आवराआवरीत कच्च्या. असू दे, मी रोज करतो हे. ते किटण म्हणजे तू सांगितलेलं मीठ.

तुला साहेब कळायला हवेत. त्यांना आम्ही मागून घडीसाहेब म्हणतो. रुमालाची घडी, वर्तमानपत्राची घडी, चहा पिऊन झाल्यावर कागदी कपाचीसुद्धा घडी. पेन्सिली उंचीप्रमाणे लावतात. माणूस वाईट नाही, आवाज कधी चढवत नाही. पण माझी जागा कायम करायची की नाही हे तेच मालकांना सांगणार, आणि इलेक्ट्रोड रोज वाळवणारेही तेच. आता मी त्यांना काय सांगू आणि कोणत्या तोंडाने? आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली की तुझे साहेब फार चांगल्या वळणाचे दिसतात.

उत्तराची वाट बघते. माझ्यावरचा राग, असलाच तर, पुढच्या महिन्यात काढ.

तुझी,
चिमी


१६ जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

चिमीने तुला सगळं लिहिलंच असेल. तू तिला काही भलतं शिकवू नकोस, म्हणून हे पत्र. वरिष्ठांना तुमचं चुकतंय म्हणून सांगायची खोड तुला होती आणि त्यापायी तू तीन वेळा बदली भोगलीस, हे मी विसरलेले नाही. त्या साहेबांचं मला तरी काही चुकलेलं दिसत नाही. माणूस स्वतःच्या हाताने वस्तू पुसून ठेवतो. आपल्या घरात असा एक पुरुष निघाला असता तर मी पेढे वाटले असते.

तरी काच ओलीच लागते असं तू म्हणतोस, तर लागत असेल. माझं म्हणणं एवढंच की तिने गप्प राहावं आणि सकाळी लवकर जाऊन भिजवावा.

एक गोष्ट तिला सांगू नकोस. जागा कायम झाली नाही तर परत येते म्हणाली. ती घरी आली तर मला हवीच आहे, तिची खोली मी रोज झाडते. पण उतरलेलं तोंड घेऊन ती यायला नको. ती तिथे खुशीत आहे हे मला तिच्या आवाजावरून कळतं. तेवढं काहीतरी कर.

वहिनीला सांग, मसाल्याचे डबे परत पाठवताना पुसून पाठव.

बहिणीवर आहे तेवढा जीव राहू दे, वाढवलास तरी चालेल.

तुझी,
ताई


१९ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं म्हणणं तू गप्प बसावंस. पण सकाळी लवकर जाऊन भिजवलास तरी उपयोग नाही. वाळलेली काच तासाभरात माणसात येत नाही, आणि रोज वाळली तर एक दिवस कायमची जाईल.

माझं म्हणणं, सरळ सांग. भांडायचं नाही, समजावायचंही नाही, दाखवायचं. एक इलेक्ट्रोड त्यांच्या पद्धतीने ठेवलेला, एक तुझ्या, दोन्ही त्यांच्यासमोर एकाच बफरमध्ये बुडव. डोळे असतील तर दिसेल. मामी मात्र म्हणते की कुणाला त्याच्याच टेबलावर हरवू नये, त्यापेक्षा त्याला काहीतरी काम द्यावं. ती चाळीस वर्षं मला अशीच कामं देत आलीय, हे मला आज कळलं.

काय ते तूच ठरव. जमलं नाही तरी आमच्या घराचं दार तुला ठाऊक आहे. पण जमेल.

तू कशीही वागलीस तरी आमचं प्रेम ताळ्यावरच राहील, त्याला बफर लागत नाही.

तुझा,
मामा


३० जून

ती. मामास, आणि या वेळी मुद्दाम ती. सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

दुसरा इलेक्ट्रोड आमच्याकडे नाहीच, त्यामुळे तुझी युक्ती बारगळली. सरळ बोलायचं ठरवून साहेबांच्या टेबलाशी गेले. वाक्य तोंडपाठ होतं. ते पेन्सिली लावत होते, आणि वाक्य सोडून मी त्यांना एक पेन्सिल उचलून दिली. मग मामीचं आठवलं. मी बाटली पुढे केली आणि म्हटलं की सर, यातलं द्रावण रोज एकाच पातळीला राहायला हवं, पण माझ्या हातून रेघ सरळ येत नाही.

त्यांनी खिशातून पट्टी काढली. बाटली डोळ्यांसमोर धरून, श्वास रोखून रेघ मारली. मग विचारलं की पातळी कशासाठी. तेव्हा मला बोलता आलं. काच ओली का लागते, पुसल्याने काय होतं, पांढरं ते किटण नाही मीठ आहे, सगळं सांगितलं. त्यांनी पट्टी पुन्हा खिशात ठेवली. मला वाटलं, संपलं आपलं. मग त्यांनी इलेक्ट्रोडच्या डबीत ठेवलेलं आपलं पिवळं फडकं उचललं, त्याची घडी केली आणि खिशात ठेवली. म्हणाले, बाटलीचं तोंड रोज धुवायला तर हरकत नाही ना? मी म्हटलं, उलट हवंच आहे.

त्या दिवसापासून माझी सुटका नाही. द्रावण रेघेच्या केसभर खाली गेलं तरी मला हाक येते. टिपकागदाचे त्यांनी एकसारखे चौकोन कापून ठेवलेत. मोजताना बूच उघडं आहे का, हे ते वाकून बघतात. परवा मुख्य कार्यालयातला एक तरुण आला होता. त्याने मोजून झाल्यावर इलेक्ट्रोड रुमालाने पुसायला घेतला. साहेबांनी त्याच्या हातून तो असा काढून घेतला, जसा कुणी रडणारं मूल घ्यावं, आणि त्याला काचेवरच्या ओल्या सायीबद्दल पंधरा मिनिटं ऐकवलं. शब्द सगळे तुझे होते. बाळाच्या नाकासकट.

या आठवड्यात एकही टाकी आंबली नाही. पॅकिंगमधल्या बायकांची तक्रार आहे की फुकटचं दही बंद झालं.

आज सकाळी मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. नमुने बाहेर पाठवायचं रद्द झालं. माझ्याबद्दल विचारल्यावर साहेब म्हणाले की मुलगी हुशार आहे, कायम करायला हरकत नाही. फक्त इलेक्ट्रोड ओला ठेवण्याच्या बाबतीत अजून जरा ढिली आहे, पण मी लक्ष ठेवून असतो.

मी मान खाली घालून सुधारणा करीन म्हटलं. बाहेर येऊन आधी आईला फोन केला, आणि ती म्हणते, बघ, मी सांगत नव्हते का, साहेब चांगल्या वळणाचे आहेत.

तुम्ही दोघं कधी येता? खोली लहान आहे, पण आता ती माझी आहे. येईपर्यंत पत्रातून रागवत राहा, मला त्याची सवय झालीय.

तुमची,
चिमी