मरीयेची जागा

लाडके चिमे,
(लाडके म्हणायची सवय आईने लावली, माझा इलाज नाही.)

टेकडीवरची प्रार्थनाबाग होत आली. निवृत्त झाल्यापासून माती मी वाहिली, रोपं मी जगवली. तू सुट्टीला आलीस, दगडावर बसून डोळे मिटलेस आणि मूर्तिकार विरघळला. आता येशूच्या पायाशी बसून ऐकणाऱ्या मरीयेच्या मूर्तीला तुझा चेहरा, आणि मागे घागर घेऊन राबणाऱ्या तिच्या बहिणीला, मार्थेला, माझा! "बाई, तुमच्या चेहऱ्यावर कष्ट दिसतात," म्हणतो मेला.

शाळेत सिस्टर सांगायच्या, मरीयेने उत्तम वाटा निवडला. निवडणारच! भांडी कोण घासत होतं?

काल येशू आणि मार्था बसवले. तुझी मूर्ती यायची आहे. झाडांना पाणी घालून पाय भरून आले, म्हणून त्या रिकाम्या जागी टेकले. वर पाहिलं, तर तो थेट माझ्याकडे बघत होता. दगडाचा का होईना, पण माझ्याकडे.

मूर्तिकार ओरडला, "बाई, उठा, जरा ती बादली द्या."

म्हटलं, "मार्थेला सांग. ती उभीच आहे."

हे पत्र टपालात टाकणार नाही. तू लगेच म्हणशील, "ताई, तूच बस तिथे," आणि तो मोठेपणाही तुझाच होईल.

तुझी,
अजून न उठलेली ताई